यादी एकच, डेटाबेसातली

खर्चाच्या ॲपमध्ये एखादी नोंद खोडावी, मागच्या पडद्यावर जावं, तर ती तिथे ठाण मांडून बसलेली. ॲप बंद करून उघडलं की मात्र गायब. दोष फोनवर किंवा नेटवर्कवर ढकलला जातो, पण मूळ बहुधा एकाच माहितीच्या दोन प्रतींत असतं. नोंदी फोनमधल्या डेटाबेसात असतात. अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींवर तो सहसा एसक्यूलाइट असतो, रिचर्ड हिप यांनी २००० साली तयार केलेला. ॲप त्या नोंदी वाचून मेमरीत यादी करतं आणि पडद्यावर ती यादी दाखवतं. मग प्रत्येक बदल दोन ठिकाणी करणं आलं, आणि एक ठिकाण कधीतरी राहूनच जातं.

म्हणून यादीची मालकी डेटाबेसाकडेच असावी. पडद्याने डेटाबेसाकडे आपला प्रश्न (क्वेरी) नोंदवून ठेवावा, उत्तर बदललं की नवं घ्यावं. ही कल्पना नवी नाही: ॲपलने आयफोनसाठी २००९ मध्ये अशी सोय दिली, अँड्रॉइडसाठी गूगलची रूम लायब्ररी २०१७ मध्ये आली. रूम टेबलांवर ट्रिगर बसवते. टेबल बदललं की त्यावर अवलंबून असलेले प्रश्न पुन्हा चालवते. शिवाय फोन आडवा केला की अँड्रॉइड सहसा पडदा मोडून नव्याने बांधतो, आणि मेमरी कमी पडली तर मागे गेलेलं ॲपच संपवतो. पडद्याने मेमरीत धरलेली यादी त्याबरोबर जाते, डेटाबेस राहतो.

दर वेळी डेटाबेस वाचणं महाग नाही का? योग्य इंडेक्स असेल आणि नोंदी पानापानाने आणल्या, तर फारसं नाही. टेबलातली भलतीच ओळ बदलली तरी रूम प्रश्न पुन्हा चालवते, ही तक्रार मात्र रास्त आहे. उत्तर तेच आलं तर पडदा पुन्हा रंगवू नये, एवढा उपाय करावा लागतो. ॲप सर्व्हरशीही जोडलेलं असेल आणि त्याचं उत्तर यायला वेळ लागत असेल, तर बदल आधी स्थानिक डेटाबेसात ‘पाठवायचा आहे’ अशा खुणेसह लिहावा. अर्धवट टाइप केलेला शोध, यादी कुठवर सरकवली, कोणत्या ओळी निवडल्या, हे मात्र मेमरीतच असू द्यावं, डेटाबेसात कोंबण्याचं कारण नाही. निवडलेल्या ओळींचे फक्त क्रमांक ठेवावेत, ओळींच्या प्रती नकोत. इथेच चांगले प्रोग्रामरही घसरतात.

नवं ॲप लिहिणाऱ्यांनी ‘खोडा’ बटणामागचा कोड आधी उघडून पाहावा. तो मेमरीतल्या यादीला हात लावत असेल, तर कोडमधली ती ओळ आजच काढावी.