निम्म्या वेगात आठवा हिस्सा वीज? बोअरला विचारा

बोअरच्या मोटरला ड्राइव्ह बसवा, वेग निम्मा करा, वीज आठव्या हिश्श्यावर येते. हे गणित पंपाच्या दुकानात, विक्रीच्या पत्रकात आणि मोबाइलवरच्या व्हिडिओत इतक्या ठामपणे सांगितलं जातं, की ते तपासून पाहावं असं फारसं कुणाला वाटत नाही. तपासायला हवं. बीड जिल्ह्यातल्या आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या भागात पाणी काळ्या बेसाल्टच्या भेगांमधून खोलवरून उपसावं लागतं आणि नेमकं तिथेच हे गणित कोलमडतं. ड्राइव्ह, म्हणजे व्हीएफडी, आलेली वीज आधी डीसी करतो आणि तिच्यापासून हव्या त्या फ्रिक्वेन्सीची तीन फेज वीज पुन्हा तयार करतो. फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झवरून ४० वर आणली, की मोटरचे फेरे जवळपास त्याच प्रमाणात घटतात. त्याचा अधिकार फेऱ्यांपुरताच आहे. पाणी किती खोल आहे हे तो बदलू शकत नाही.

आठव्या हिश्श्याचा नियम खोटा नाही, अर्धा सांगितलेला आहे. पंपाचा वेग बदलला की प्रवाह वेगाच्या प्रमाणात बदलतो, दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. विक्रेते पहिलं आणि तिसरं सांगतात, मधलं गाळतात. समजा, पाण्याची पातळी जमिनीखाली २८० फुटांवर आहे आणि पंप पूर्ण वेगात जास्तीत जास्त ४०० फूट पाणी चढवू शकतो. वेग निम्मा केला तर दाब एक चतुर्थांश होतो, म्हणजे पाणी १०० फूट चढून पाइपातच थांबतं, जमिनीपासून १८० फूट खाली. मोटर फिरते, वीज जळते, वाफ्यात थेंब नाही. या बोअरवर साधारण ४२ हर्ट्झच्या खाली पाणी बाहेरच पडणार नाही. म्हणजे वेग कमी करायला वाव उरतो तो ४२ ते ५० एवढाच, आणि त्यातही खालच्या टोकाला प्रवाह इतका रोडावतो की दर हजार लिटरमागे लागणारी वीज उलट वाढते. हजार लिटर पाणी २८० फूट वर आणायला किमान ०.२३ युनिट लागतंच. पंप आणि मोटर यांतली हानी धरली तर प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट किंवा अधिक. उचलण्याची ही किंमत कुठलंही यंत्र माफ करू शकत नाही.

यावर एक रास्त आक्षेप येतो: मग कारखान्यांत ड्राइव्हने बिल खरोखर उतरतं, ते कसं? उतरतं, कारण तिथलं काम वेगळं आहे. परळीच्या औष्णिक वीज केंद्रासारख्या ठिकाणी किंवा जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत बॉयलरला हवा देणारे पंखे असतात. त्यांना काहीही उंच उचलायचं नसतं, फक्त घर्षणाशी झगडायचं असतं, आणि घर्षणाचा दाबही वेगासोबत वर्गानेच घटतो. तिथे घनाचा नियम जवळपास पुरता लागू होतो. शेततळ्यातून ठिबकला पाणी देताना कधी चार व्हॉल्व्ह चालू, कधी एकच, अशी स्थिती असेल, तर दाब मोजणारा सेन्सर जोडलेला ड्राइव्ह खरी बचत करतो. पंप गरजेपेक्षा मोठा असेल आणि गेट व्हॉल्व्ह आवळून चालवला जात असेल, तिथेही करतो. पण अशा वेळी योग्य हेडचा पंप घेणं स्वस्त पडतं. शिवाय साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांचं बिल राज्य सरकारने २०२४ मध्ये माफ केलं आहे, तेव्हा त्या शेतकऱ्याला बिलातल्या बचतीच्या नावाखाली ड्राइव्ह विकणं सरळसरळ फसवणूक आहे.

दुसरा आक्षेप सौरपंपाचा. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत मिळणाऱ्या ३, ५ आणि साडेसात एचपीच्या संचांत कंट्रोलर असतोच. एसी मोटरच्या संचात तो ड्राइव्हच असतो, पण वीज वाचवण्यासाठी नव्हे. ऊन कमी-जास्त होईल तशी पॅनेलमधून मिळेल तेवढी जास्तीत जास्त शक्ती घ्यायची आणि मोटरला तेवढ्याच वेगाने फिरवायचं, हे त्याचं काम. सकाळी आठला मोटरचा आवाज येतो, पाणी येत नाही, आणि तक्रार होते की कंट्रोलर बिघडला. मोटर तेव्हा ३५ हर्ट्झवर फिरत असेल, तर वरच्या हिशेबाने पाणी १९६ फूट चढून पाइपातच अडकलेलं असतं. उन्हाळ्यात पातळी आणखी खाली गेली की पाणी सुरू व्हायची वेळही पुढे सरकते. यात बिघाड काहीच नाही. पंप निवडताना बोअरची खोली पाहून चालत नाही. उपसा चालू असतानाची पाण्याची पातळी, तीही उन्हाळ्यातली, धरावी लागते.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. फ्रिक्वेन्सी ६० केली की पाणी वाढतं म्हणतात. शक्तीची मागणी १.७३ पट होते, म्हणजे पाच एचपीच्या मोटरकडून ८.६ एचपी मागितली जाते आणि वाइंडिंग जळतं. ड्राइव्ह बोअरचं पाणी वाढवत नाही. झऱ्यापेक्षा जास्त उपसलं की पंप कोरडाच पडणार. जुन्या पॅनेलमधला कपॅसिटर ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये कधीही ठेवू नये, ड्राइव्ह उडतो. मोटर जितकी हळू तितकी सुरक्षित, हेही चूक: बुडीत मोटरचं थ्रस्ट बेअरिंग पाण्याच्या पातळ थरावर तरंगतं, आणि तो थर टिकायला उत्पादक किमान ३० हर्ट्झ मागतात, तेही सुरू झाल्यावर सेकंदाभरात.

ड्राइव्ह घेण्याची खरी कारणं वेगळी आहेत आणि ती भक्कम आहेत. थेट स्टार्टरवर मोटर सुरू होताना सहापट करंट ओढते. एका डीपीवरच्या अनेक मोटरी वीज येताच एकदम सुरू झाल्या की काय होतं हे गावाला सांगायला नको. ड्राइव्ह हा झटका जवळपास संपवतो. पाणी संपल्यावर मोटरवरचा लोड घटतो, तो ओळखून ड्राइव्ह मोटर बंद करतो. मात्र किती लोडला मोटर बंद व्हावी ही मर्यादा त्या बोअरवर चालवून बसवावी लागते, कंपनीतून आलेला आकडा तसाच ठेवला तर संरक्षण नावापुरतं राहतं. आणखी एक खबरदारी: खोल बोअरला केबल लांब असते. ड्राइव्हमधून निघणाऱ्या तुटक व्होल्टेजच्या लाटा मोटरपाशी आदळून दुप्पट होऊ शकतात, म्हणून मधे फिल्टर लागतो. कोटेशनमध्ये खर्च कमी दाखवायला पहिल्यांदा वगळला जातो तो हाच.