काठापासून मध्याकडे

ज्या हाताची कला काही कारणाने थबकली आहे, तो हात पुन्हा चालता कसा करावा, या प्रश्नावर विश्रांती, देशाटन, स्फूर्तीची प्रतीक्षा असे नाना उपाय सुचविले जातात. आणि हे उपाय सुचविणाऱ्यांशी माझा विरोध आता जुना झाला आहे. स्फूर्तीची वाट पाहत बसलेला हात अधिकच आखडतो, असा माझा अनुभव आहे. त्याला गती येते ती धावदोऱ्याने, जुन्या सुती कापडावर, काठापासून आरंभ केल्याने.

गोधडी म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगण्याचे प्रयोजन नाही. संस्कृतातील ‘कंथा’ आणि बंगालची कांथा ही तिचीच सख्खी भावंडे. मध्यभागी कमळ आणि कोपऱ्यांत झाडे किंवा कुयऱ्या अशी बंगाली नक्षीकांथा कोलकात्याजवळ जोका येथील गुरुसदय संग्रहालयात पाहावी; जुन्या साडीच्या काठाचे दोरे उसवून त्यांनीच ती नटविण्याची रीत विशेष लक्षात राहते. बिहारची सुजनी आणि जपानची साशिको यांची नुसती नोंद करून पुढे जाते, कारण त्यांवर इतरांनी विपुल लिहिले आहे.

माझे मन गुंतले आहे ते कर्नाटकातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या टापूतील सिद्दी स्त्रियांच्या गोधडीत, म्हणजे कवंदीत. ज्यांच्या पूर्वजांपैकी अनेकांना पोर्तुगीज अमदानीत आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणले गेले आणि ज्यांच्या बोलीत आजही कोकणी-मराठीचा अंश आहे, त्या या स्त्रिया जुनी साडी जमिनीवर अंथरतात, एका कोपऱ्यात पहिला तुकडा ठेवून त्याची कड बोटाने आत दुमडतात, आणि ठिगळ जोडणे व थर शिवणे ही दोन्ही कामे एकाच टाक्यात उरकीत कडेकडेने फिरत मध्याकडे येतात. कागदावरचा आराखडा नाही. आधीच्या तुकड्याशेजारी कोणता रंग यावा, याचा निवाडा तो तुकडा संपल्यावरच होतो. शेवटी चारही कोपऱ्यांना घड्या घातलेल्या कापडाचे ‘फूल’ लागते. त्यावाचून कवंदी उघडी समजली जाते.

गोधडीच्या क्षेत्रातील काही मान्यवरांचा असा हट्ट आहे की, चौकटीच्या कागदावर संपूर्ण तजवीज झाल्यावाचून कात्री उचलू नये. ज्याचा हात चालू आहे, त्याने ते खुशाल करावे. ज्याचा हात थांबला आहे, त्याला मात्र तो कोरा कागदच आडवा येतो. उलट काठावर बसलेल्या माणसाला मध्याची चिंता करावी लागत नाही. गव्हाच्या दाण्याएवढा एक टाका, मग तसाच दुसरा. त्यात निवड करण्याजोगे काहीच नसते, हाताला एक चाल सापडते, आणि दुसऱ्या फेऱ्याला पोहोचेतो तो हात आपण होऊनच रंग मागू लागतो.

काठाइतकेच महत्त्व जुन्या कापडाला आहे. अमेरिकेत आलाबामा राज्यातील जीज बेंड या वस्तीच्या गोधड्या २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या, तेव्हा त्यांच्या रचनेची तुलना आधुनिक चित्रकलेशी झाली. मला त्या वस्तीतील मिझुरी पेटवे यांनी १९४२ साली शिवलेली गोधडी अधिक मोलाची वाटते. पती निवर्तल्यावर त्यांनी त्याचे कामाचे कपडे उसवून ती केली. विटलेल्या कापडावरील डाग त्यांनी लपविले नाहीत.

माझी स्वतःची सुई एकदा दोन वर्षे बंद होती. नव्या कोऱ्या कापडाचे, मापात बसविलेले ताऱ्यांचे एक मोठे काम मी अर्धे टाकले होते, आणि ते पेटीत आहे या जाणिवेने दुसरे काही सुचत नव्हते. त्याच सुमारास शेजारणीला नात झाली, आणि तिच्या दुपट्याकरिता मी सासूबाईंचे एक जीर्ण लुगडे काढले. धुऊन धुऊन ते इतके मऊ झाले होते की, सुई आपसूक आत जाई. अंगुस्तान शोधण्याचीही गरज पडली नाही. आठव्या दिवशी दुपटे झाले, आणि नवव्या दिवशी सकाळी मी पेटी उघडली. तारे मी उसवले, त्यांचे तुकडे काठाला लावले आणि तेथून पुन्हा आत येऊ लागले.

पूर्वी उन्हाळ्यात शेतीची कामे सरली की अंगणात लुगडे पसरून चौघीजणी चार बाजूंनी दोरे भरीत बसत. कोल्हापूरकडे अशा गोधडीला वाकळ म्हणत. आत जुने धोतर, फाटके सदरे असत, आणि कोणता सदरा कोणाचा याचे दप्तर त्या बायकांच्या तोंडी असे. आता सुती लुगडी नेसणेच सरले. कृत्रिम धाग्याच्या साड्यांवर दोरा घसरतो, टाका बसत नाही, आणि दुकानातून यंत्रावर शिवलेली चौकड्यांची पांघरुणे ‘गोधडी’ या नावाने विकली जातात. भांडी देऊन जुने कपडे नेणारी बोहारीण दाराशी येई, तेव्हा आमच्या घरी सुती जिन्नस तिच्या हाती पडू नये, असा सक्त शिरस्ता होता; आता ती येत नाही, आणि राखून ठेवण्यासारखे कापडही घरात साठत नाही.

माझ्या गाठोड्यात सासूबाईंची दोन लुगडी उरली आहेत. एक हिरवे, काठ शाबूत असलेले. दुसरे अंजिरी, पदराकडे विरलेले. त्यांतले अंजिरी मी परवा अंथरले आणि डाव्या कोपऱ्यातून आरंभ केला आहे.