आपल्या संगणकाचा गाभा आपणच घडवू या!

कळफलक, पडदा आणि चकती यांचा मेळ संगणकात कोण घालतो? हे काम त्याच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नेलचे. लिनक्सचा कर्नेल १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहिला. तेव्हा तो सुमारे १०,००० ओळींचा होता. आज तो ३ कोटींहून अधिक ओळींचा आहे. त्याची संहिता सर्वांना खुली असल्यामुळे आपल्या यंत्रापुरता कर्नेल आपल्यालाही घडवता येतो.

त्यासाठी हत्यारे हवीत. संहिता मुख्यतः 'सी' भाषेत असते, पण यंत्राला कळतात फक्त ० आणि १. हे भाषांतर करतो कंपायलर, बहुधा 'जीसीसी'. तयार तुकडे जोडतो लिंकर. या साऱ्यांचा मुकादम म्हणजे 'मेक'. एखादी ओळ बदलली, तर तिच्यावर अवलंबून असलेले तुकडेच तो पुन्हा बनवून घेतो. प्रत्येक हत्याराची किमान कोणती आवृत्ती लागते, याची यादी संहितेसोबतच मिळते. ती आधी पाहावी.

मग येते निवड. 'मेक मेन्यूकॉन्फिग' ही आज्ञा देताच हजारो पर्याय समोर येतात. एखादा भाग गाभ्यातच हवा, लागेल तेव्हा जोडायचा सुटा भाग म्हणून हवा, की नकोच? समजा, तुम्ही चकतीचा चालक वगळलात. कर्नेल विनातक्रार तयार होईल. पण चकती वाचता न आल्याने सुरू होताच अडून बसेल! म्हणून जुना कर्नेल कधीही पुसू नये. प्रारंभीच्या यादीतून तो निवडला, की यंत्र पूर्ववत चालते.

शाळेत एखादा जुना संगणक पडून असेल, तर शिक्षकांच्या मदतीने हा प्रयोग अवश्य करून पाहा.