विश्लेषण : ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ पुन्हा पाहताना काय दिसते?

लहानपणी पाहिलेल्या ‘द विझार्ड ऑफ ऑझ’मधले लाल चमचमते बूट, हिरव्या तोंडाची चेटकीण आणि पिवळ्या विटांचा रस्ता सहसा विसरत नाही. १९३९चा हा हॉलीवूडचा संगीतमय चित्रपट मोठेपणी पुन्हा पाहिला, की नजर भलतीकडेच जाते.

दारापलीकडचे रंग आले कसे?

कॅन्ससमधले डोरोथीचे घर तपकिरी छटेत दिसते. वावटळीत उडालेले ते घर ऑझ नगरीत आदळते, ती दार उघडते आणि बाहेर रंगच रंग! संगणक नव्हता, तरी हे जमले. घराचा आतला भाग तपकिरी रंगवला, ज्युडी गार्लंडच्या जागी उभ्या केलेल्या बदली तरुणीला तपकिरी कपडे घातले आणि सारे रंगीत फिल्मवरच टिपले. दार उघडून बदली तरुणी बाजूला होते आणि निळ्या चौकड्यांच्या फ्रॉकमधली खरी ज्युडी पुढे येते. हे माहीत असूनही अदलाबदल पकडायला दृश्य दोन-तीनदा मागे न्यावे लागते. मोबाइलवर ती सोय आहे. पण निदान पहिल्यांदा तरी हे दार मोठ्या पडद्यावर उघडलेले पाहावे.

बूटही रंगांसाठीच बदलले. एल. फ्रँक बॉम यांच्या पुस्तकात ते चांदीचे आहेत. टेक्निकलरमध्ये उठून दिसावेत म्हणून लाल झाले. त्यातला एक जोड २००५मध्ये संग्रहालयातून चोरीला गेला, २०१८मध्ये सापडला आणि डिसेंबर २०२४च्या लिलावात शुल्कासह ३ कोटी २५ लाख डॉलरला विकला गेला.

या रंगांची किंमत कोणी मोजली?

टिनमॅनच्या भूमिकेसाठी आधी बडी एब्सन यांची निवड झाली होती. चेहऱ्याला लावलेली ॲल्युमिनियमची पूड श्वासातून फुप्फुसात गेली आणि ते रुग्णालयात पोहोचले. त्यांच्या जागी जॅक हेली आले. त्यांना पुडीऐवजी लेप लावला गेला. चेटकीण झालेल्या मार्गारेट हॅमिल्टन धुरात गायब होण्याच्या दृश्यात आगीने चेहऱ्यावर आणि हातावर भाजल्या. काही आठवड्यांनी त्या परतल्या, पण आगीजवळ काम करायला त्यांनी साफ नकार दिला. ज्युडी तेव्हा १६ वर्षांची. ती लहान दिसावी म्हणून घट्ट कॉर्सेट, शिवाय खाण्यावर स्टुडिओचा पहारा. इंद्रधनुष्यापलीकडच्या देशाचे तिचे गाणे आता ऐकताना हे सारे मनात येतेच. ते गाणे चित्रपटातून जवळपास कापले जाणार होते. पुढे त्यालाच ऑस्कर मिळाले.

टोटोचे काय झाले?

सुरुवातीला मिस गल्च शेरीफचा हुकूम घेऊन डोरोथीच्या कुत्र्याला, टोटोला, नेते. तो तिच्या टोपलीतून उडी मारून पळून येतो. तो पुन्हा जाऊ नये म्हणूनच डोरोथी घर सोडते. शेवटी ती परतते, सगळे तिच्या बिछान्याभोवती जमतात, टोटोही असतो. पडदा पुन्हा तपकिरी झालेला असतो. घरासारखे दुसरे काही नाही, असे ती म्हणते तेव्हा लहानपणी आपण सुटकेचा श्वास टाकतो. मिस गल्चच्या हुकुमाचा विषय मात्र कोणीच काढत नाही.