म्हैसूरची शाई आणि भूमिपुत्रांची टक्केवारी

देशभरातील मतदारांच्या बोटावर लागणारी शाई म्हैसूरची असते. नाल्वडी कृष्णराज वडियार यांनी १९३७ मध्ये काढलेल्या लाख व रंगांच्या कारखान्यात ती १९६२ पासून तयार होते. रेशीम विणकामाचा सरकारी कारखाना त्याहून जुना, १९१२ चा. खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसविणारे विश्वेश्वरय्या त्याच वर्षी संस्थानचे दिवाण झाले. केवळ शेतीवर विसंबू नये, उद्योग उभारावेत, हा त्यांचा आग्रह होता. रोजगार त्यामागून आला.

जुलै २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने उलटा मार्ग धरला. खासगी उद्योगांत व्यवस्थापकीय पदांपैकी ५० टक्के, तर इतर पदांपैकी ७० टक्के स्थानिकांना देणारे विधेयक मंजूर झाले आणि उद्योजकांच्या विरोधामुळे काही दिवसांतच स्थगित झाले. हरयाणाचा असाच कायदा उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रद्द केला होता.

महाराष्ट्राच्या ८० टक्क्यांच्या धोरणाचे समर्थन करणाऱ्या परप्रांतस्थ मराठी माणसालाही हा प्रश्न टाळता येणार नाही. म्हैसूरच्या जावा मोटारसायकल कारखान्याला १९९६ मध्ये टाळे लागले. बंद दारामागे टक्केवारी कोणाच्या उपयोगाची?