संगणकातली जावा फुकटची की विकतची?

प्रयोगशाळांतले अनेक प्रोग्राम ‘जावा’वर चालतात. सूक्ष्मदर्शकातल्या चित्रांवरून पेशी मोजणारे ‘इमेजजे’ त्यांपैकीच. ते मोफत आहे. पण संगणकावरची जावा मोफत असेलच असे नाही.

ओरॅकल कंपनीने एप्रिल २०१९पासून जावा ८च्या नव्या अपडेटना व्यावसायिक वापरासाठी शुल्क लावले. जानेवारी २०२३मध्ये आकारणी थेट कर्मचारीसंख्येवर आणली. तेव्हाचा छापील दर ९९९ कर्मचाऱ्यांपर्यंत माणशी दरमहा १५ डॉलर. म्हणजे २०० जणांच्या संस्थेत एकाच यंत्राला अशी जावा लागली, तरी हिशेब महिन्याला ३,००० डॉलरचा! घरगुती वापर मात्र मोफत आहे.

तपासणी सोपी आहे. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजीत ‘जावा’, मग जागा सोडून आडवी रेघ आणि तिला जोडून ‘व्हर्जन’ असे टाइप करा. उत्तरात ‘ओपनजेडीके’ दिसले, तर ती मुक्तस्रोत जावा. ‘जावा टीएम एसई’ दिसले, तर ती ओरॅकलची; तिच्या काही आवृत्त्या मोफत, काही सशुल्क. म्हणून आवृत्तीचा क्रमांक टिपून परवाना वाचा.

ही आज्ञा एकच प्रत दाखवते. दुसरी एखाद्या जुन्या प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये दडलेली असू शकते. त्यासाठी संपूर्ण डिस्कवर ‘जावा डॉट ईएक्सई’ शोधा. प्रोग्रामसोबतच ती आली असेल, तर परवान्याबद्दल विक्रेत्याला विचारा.

शुल्क वाचवायला जुनीच आवृत्ती ठेवू नका. तिच्यातल्या सुरक्षेच्या त्रुटी उघड्या राहतात आणि रुग्णांची माहिती धोक्यात येते. त्याऐवजी ओपनजेडीके वापरा. मात्र आधी एका यंत्रावर चाचणी घ्या.