उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर

इस्रायलमधल्या मानसशास्त्रज्ञ रूथ बटलर यांचा एक प्रयोग १९८८मध्ये प्रसिद्ध झाला. अकराच्या आसपास वय असलेल्या मुलांना काही कामं सोडवायला दिली आणि त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला फक्त गुण कळवले. दुसऱ्या गटाला गुण दिलेच नाहीत. काय जमलं आणि काय सुधारता येईल, एवढंच लिहून दिलं. तिसऱ्या गटाला गुणही दिले आणि शेराही दिला. पुढच्या कामात कोणता गट सुधारला असेल? शिक्षकांच्या सभेत हा प्रश्न टाकला, तर तिसऱ्या गटाकडे कौल जातो. दोन्ही मिळालं म्हणजे जास्त फायदा, असं वाटणं साहजिकच आहे. प्रत्यक्षात सुधारला तो केवळ शेरा मिळालेला गट. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेली मुलं नुसते गुण मिळालेल्या मुलांसारखीच जागच्या जागी राहिली. गुण हाती पडले की ‘मी कितवा’ हा प्रश्न मनाचा ताबा घेतो आणि ‘आता काय करू’ हा प्रश्न मागे पडतो.

असे विखुरलेले प्रयोग शोधून, एकत्र मांडून जगभरच्या शिक्षकांपर्यंत नेणाऱ्या माणसांत डिलन विल्यम हे नाव फार वरचं आहे. लंडनच्या शाळांतला गणिताचा शिक्षक, मग शिक्षणशास्त्राचा अध्यापक, मग मूल्यमापनाचा संशोधक आणि शेवटी शालेय नेतृत्वाचा अभ्यासक, असा त्यांचा प्रवास आहे. मूल्यमापनात आयुष्य घालवलेला माणूस मुख्याध्यापकांच्या कामाकडे का वळला, याचं उत्तर आपल्याकडच्या प्रत्येक शाळेच्या उपयोगाचं आहे.

फळ्यापासून विद्यापीठापर्यंत

गणित आणि भौतिकशास्त्र शिकलेल्या विल्यम यांनी एक वर्ष खासगी शाळेत आणि त्यानंतर सात वर्षं शहराच्या गरीब, मिश्र वस्तीतल्या शाळांमध्ये शिकवलं. १९८४मध्ये ते लंडन विद्यापीठाच्या चेल्सी कॉलेजात रुजू झाले. हे कॉलेज पुढच्याच वर्षी किंग्ज कॉलेजात विलीन झालं. तिथे गणितासाठी नव्या मूल्यमापन योजना तयार करण्याचं काम त्यांच्याकडे आलं आणि पुढे गणित शिक्षकांच्या प्रशिक्षणाची जबाबदारीही आली.

तो काळ इंग्लंडमध्ये मोठ्या उलथापालथीचा होता. १९८८च्या शिक्षण सुधारणा कायद्याने देशात प्रथमच राष्ट्रीय अभ्यासक्रम आला आणि ७, ११, १४ व १६ या वयांत मुलांची प्रगती मोजण्याचं ठरलं. मोजायचं कसं, हे सुचवण्यासाठी नेमलेल्या गटाचे अध्यक्ष होते किंग्ज कॉलेजचेच प्राध्यापक पॉल ब्लॅक. ते मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. शिक्षक वर्गात रोज जे पाहतात त्याला बाह्य चाचण्यांच्या बरोबरीने वजन मिळावं, असा त्यांच्या गटाचा आग्रह होता. सरकारने चाचण्या उचलल्या आणि शिक्षकांच्या निरीक्षणाला दुय्यम ठेवलं. १९८९ ते १९९१ या काळात विल्यम याच अभ्यासक्रमाच्या चाचण्या बनवणाऱ्या एका संघात शैक्षणिक समन्वयक होते. राष्ट्रीय मोजमापाची यंत्रणा त्यांनी आतून पाहिली आणि तिच्यातल्या तांत्रिक अडचणींवरच पीएच.डी. केली.

बंद पेटी उघडली

ब्लॅक आणि विल्यम या जोडीने १९९८मध्ये दोन गोष्टी प्रसिद्ध केल्या. पहिली म्हणजे सुमारे २५० संशोधनांचा आढावा घेणारा दीर्घ निबंध. दुसरी म्हणजे त्याचं सार शिक्षकांच्या भाषेत सांगणारी ‘इनसाइड द ब्लॅक बॉक्स’ ही छोटी पुस्तिका. सरकार वर्गाला बंद पेटी समजतं, हा त्यांचा मूळ मुद्दा होता. एका बाजूने नियम, निधी, अभ्यासक्रम आणि चाचण्या आत ढकलायच्या, दुसऱ्या बाजूने निकाल बाहेर येण्याची वाट पाहायची. पेटीच्या आत शिक्षक आणि तीस मुलं यांच्यात काय घडतं, तिकडे लक्षच नाही. शिकणं तर तिथेच होतं.

निष्कर्ष ठाम होता. मुलांना काय समजलं हे शिकवता शिकवताच तपासलं आणि त्यानुसार शिकवणं बदललं, तर शिकण्यात ठळक वाढ होते आणि मागे पडलेल्या मुलांना तिचा जास्त लाभ होतो. आपल्या संगीताच्या तालमीत हेच असतं. सूर घसरला की गुरू तिथेच थांबवतात, स्वतः गाऊन दाखवतात, पुन्हा म्हणवून घेतात. वर्षाअखेरीस कागदावर कळवत नाहीत. आढाव्यातल्या प्रयोगांत परिणामाचं माप ०.४ ते ०.७ होतं. ०.४ म्हणजे अशा वर्गातलं सरासरी मूल नेहमीच्या वर्गातल्या शंभरांपैकी साधारण ६५ मुलांच्या पुढे जातं.

या आकड्यांवर पुढे टीका झाली. २०११मध्ये रँडी बेनेट यांनी या मापाचा पाया तपासला आणि तो पुरेसा पक्का नसल्याचं दाखवलं. त्याच वर्षी किंग्स्टन आणि नॅश यांच्या विश्लेषणात सरासरी परिणाम ०.२० इतकाच आला. मात्र तोही शून्य नव्हता. आणि फरक का पडतो, हेही या वादातून उजळलं. कागदावर एकच नाव असलेली पद्धत प्रत्येक वर्गात वेगळी राबवली जाते, त्यामुळे तिचं फळही वेगळं असतं.

मुलं काय विचार करतात ते दिसावं

संशोधन वर्गात उतरतं का, हे पाहण्यासाठी १९९९मध्ये मेडवे आणि ऑक्सफर्डशायर भागांतल्या सहा शाळांमध्ये प्रकल्प सुरू झाला. गणित आणि विज्ञानाच्या चोवीस शिक्षकांपासून सुरुवात झाली. शिक्षकांना तयार कृतिपुस्तिका दिली नव्हती. तत्त्वं समोर ठेवली आणि स्वतःच्या वर्गाला बसेल असा मार्ग ज्याचा त्याने शोधायचा होता. त्यातून चार सवयी पुढे आल्या: प्रश्न विचारण्याची रीत बदलणं, वहीवर उपयोगी पडेल असं लिहिणं, मुलांनी स्वतःचं आणि एकमेकांचं काम तपासणं, आणि परीक्षेचा पेपरसुद्धा शिकण्यासाठी वापरणं. परिणाम ०.३२ निघाला.

प्रश्न विचारण्याचंच पाहू. अमेरिकेत मेरी बड रो यांनी दाखवून दिलं होतं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद थांबलं तरी उत्तरं लांबतात, जास्त मुलं बोलतात. बहुतेक वर्गांत तीच चार-पाच मुलं हात वर करतात. शिक्षक त्यांची उत्तरं ऐकतो, वर्गाला समजलं असं धरतो आणि पुढे जातो. म्हणून विल्यम सुचवतात: हात वर करणं थांबवा, नावं लिहिलेल्या आइस्क्रीमच्या काड्या डब्यात ठेवा, प्रश्न आधी विचारा आणि मग काडी काढा. म्हणजे विचार प्रत्येकाला करावा लागतो. २०१०मध्ये बीबीसीने एका शाळेतले असे प्रयोग दाखवले, तेव्हा सुरुवातीला सर्वांत अस्वस्थ झाली ती नेहमी हात वर करणारी हुशार मुलं.

दुसरी युक्ती धड्याच्या मध्यावरच्या एका प्रश्नाची. समजा दशांश अपूर्णांक चालू आहेत. फळ्यावर लिहा: ०.३५, ०.४, ०.१२५, ०.०९. सर्वांत मोठी संख्या कोणती? प्रत्येकाने पाटीवर उत्तर लिहून एकदम वर धरायचं. ज्याने ०.१२५ लिहिलं, तो जास्त अंक म्हणजे मोठी संख्या असं समजतो आहे. ज्याने ०.०९ लिहिलं, त्याला ९ हा अंक दिसला, त्याचं स्थान दिसलं नाही. अर्ध्या मिनिटात शिक्षकाला कळतं, की पुढे जायचं की थांबायचं, आणि कुणाला काय पुन्हा सांगायचं. चुकीचे पर्याय जितके विचारपूर्वक निवडलेले, तितका प्रश्न बोलका.

कल्पना फायलीत अडकली

यशाची बातमी सरकारपर्यंत पोहोचली. २००८मध्ये इंग्लंडमध्ये अशा मूल्यमापनासाठी तीन वर्षांची, १५ कोटी पौंडांची योजना आली. पण ती शाळेत उतरता उतरता नोंदींचं काम झाली. प्रत्येक मूल कोणत्या पातळीवर, त्या पातळीच्या कोणत्या पायरीवर, याचे तक्ते भरणं सुरू झालं. शिकवणं बदलण्यासाठी जमवायची माहिती वर पाठवण्यासाठी जमू लागली. २०१४च्या नव्या अभ्यासक्रमाबरोबर त्या पातळ्याच रद्द झाल्या.

विल्यम तोवर किंग्ज कॉलेजात शिक्षणशास्त्र विभागाचे प्रमुख, २००३पासून अमेरिकेत प्रिन्स्टनच्या एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिसमध्ये संशोधन संचालक आणि २००६पासून लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनचे उपसंचालक अशी पदं सांभाळून चुकले होते. या वर्षांत त्यांच्यापुढचा प्रश्न बदलला. काय करायचं हे शिक्षकांना ठाऊक आहे, मग ते होत का नाही? कारण शिकवणं हा सवयींचा गठ्ठा आहे. वीस वर्षं सेकंदभर थांबणारा माणूस एका दिवसाच्या प्रशिक्षणाने तीन सेकंद थांबायला लागत नाही. त्याला माहितीची गरज नाही. सवय बदलताना सोबतीची गरज आहे.

मुख्याध्यापकाचं खरं काम

इथे मूल्यमापनाचा प्रश्न नेतृत्वाचा होतो. विल्यम आणि सहकाऱ्यांनी सुचवलेली व्यवस्था साधी आहे. शाळेतल्या शिक्षकांचे छोटे गट, महिन्यातून एकदा सव्वा तासाची बैठक, दोन वर्षं. प्रत्येकाने मागच्या महिन्यात वर्गात काय करून पाहिलं ते सांगायचं, पुढच्या महिन्यासाठी एक-दोनच गोष्टी निवडायच्या, मधल्या काळात सहकाऱ्याला आपला तास पाहायला बोलवायचं. काय बदलायचं ते शिक्षकाने निवडायचं. बदलायचं की नाही, याला मात्र सूट नाही. इंग्लंडमधल्या एज्युकेशन एन्डाउमेंट फाउंडेशनने १४० माध्यमिक शाळांत याची चाचणी घेतली. २०१८च्या अहवालानुसार ही व्यवस्था राबवणाऱ्या शाळांतली मुलं दोन महिन्यांच्या शिक्षणाइतकी पुढे गेली, आणि खर्च दर मुलामागे वर्षाला सुमारे सव्वा पौंड होता.

खर्च नगण्य, मग अडचण कुठे? वेळेत. तो फक्त मुख्याध्यापक मिळवून देऊ शकतो. २०१६मध्ये आलेल्या ‘लीडरशिप फॉर टीचर लर्निंग’ या पुस्तकात विल्यम यांचं सांगणं असं, की शाळेत बहुतेक लोक चांगलंच काम करत असतात; त्याहून चांगल्या कामासाठी त्यातलं काही थांबवण्याचा निर्णय नेत्याने घ्यायचा असतो. न्यूझीलंडच्या व्हिवियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये नेतृत्वावरच्या संशोधनांचं विश्लेषण केलं, तेव्हाही मुलांच्या शिकण्यावर सर्वांत मोठा परिणाम दिसला तो शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणाऱ्या आणि त्यात स्वतः सहभागी होणाऱ्या मुख्याध्यापकांचा.

आपल्या शाळांमध्ये

शिक्षण हक्क कायदा लागू झाल्यावर महाराष्ट्रात २०१०पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी आकारिक, म्हणजे शिकवता शिकवता होणाऱ्या मूल्यमापनाची साधनतंत्रं शिक्षकांना पाठ आहेत. लहान वर्गांत आकारिकचं वजन सत्राअखेरच्या संकलितपेक्षा जास्त ठेवलं, हा निर्णय धाडसी आणि योग्य होता. पण इंग्लंडमध्ये जे घडलं तेच इथेही घडलं. नोंदवही भरणं हेच मूल्यमापन झालं. तयार वर्णनात्मक नोंदींच्या याद्या मोबाइलवरून फिरू लागल्या. सत्राच्या शेवटी एका बैठकीत लिहिलेली ‘वर्गात उत्साहाने सहभाग घेतो’ ही नोंद मुलाच्या उद्याच्या तासात काहीच बदलत नाही. दोष शिक्षकांचा नाही. पोषण आहाराचा हिशेब, यू-डायसची माहिती, पोर्टलवर माहिती भरणं आणि दोन वर्ग एकत्र सांभाळणं यांतून जो वेळ उरतो, त्यात नोंद होते. विचार होत नाही.

आपल्याकडे विल्यम यांच्या गटांसारखी जागा मात्र तयार आहे: जवळपासच्या शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद. आज तिचा बराच वेळ परिपत्रकं आणि सूचना ऐकण्यात जातो. त्या सूचना मोबाइलवर पाठवता येतात. परिषदेत प्रत्येक शिक्षकाने महिनाभरात करून पाहिलेली एक गोष्ट मांडावी, सोबत मुलांच्या चार वह्या आणाव्यात आणि पुढच्या महिन्याची एक गोष्ट ठरवून उठावं. केंद्रप्रमुखांनी ‘नोंदी पूर्ण आहेत का’ याऐवजी ‘या नोंदीमुळे तुम्ही काय वेगळं शिकवलंत’ असं विचारावं. मुख्याध्यापकांनी एक तक्ता, एक सोहळा किंवा एक दुहेरी नोंद कमी करून तेवढा वेळ शिक्षकांना परत द्यावा. यासाठी नवा शासन निर्णय लागत नाही, निधी लागत नाही. दुसऱ्या सत्राच्या पहिल्याच परिषदेपासून हे सुरू करता येईल.